लेकराचे ढाळ आणि एक जुना प्रश्न

कोविडच्या साथीनं आमच्या औशाला एक शब्द देऊन ठेवला आहे. सीआरपी. २०२१ च्या उन्हाळ्यात बसस्थानकावर, चहाच्या टपरीवर माणसं दहावीचे मार्क विचारावेत तसा एकमेकांचा सीआरपी विचारत होती. साथ ओसरली, शब्द मात्र राहिला. परवा, पहिल्या पावसानंतर दोनच दिवसांनी, एक आई दीड वर्षाचं लेकरू मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "सायब, रातपासनं ढाळ लागलेत. ह्याचा सीआरपी करा की. अँटिबायोटिक लागत असंल तर आताच लिहून द्या, उगं उद्या परत चक्कर नको."

चाळीस वर्षांहून अधिक काळ मी या गावात लहान मुलांवर उपचार करतो आहे. अँटिबायोटिक मागणाऱ्या आया मी रोज बघतो. पण ते लागतं की नाही हे आधी तपासा, असं म्हणणारी ही पहिलीच. नकळत तिनं वैद्यकातला शंभर वर्षांहून जुना प्रश्न विचारला होता. हे दुखणं जिवाणूचं की विषाणूचं? आणि ते लेकराच्या रक्तावरून किंवा शौचावरून लवकर ओळखता येईल का? आज या प्रश्नाचीच गोष्ट आपल्याला सांगणार आहे.

आधी दोन शब्दांचा खुलासा करतो. जिवाणू हा स्वतंत्रपणे वाढू शकणारा सूक्ष्म जीव. अँटिबायोटिक चालतं ते त्याच्यावर. विषाणू त्याहून कितीतरी लहान आणि आपल्या पेशीत शिरूनच वाढणारा. त्याच्यापुढे अँटिबायोटिकची मात्रा चालत नाही. दोघांमुळेही जुलाब होतात, उलट्या होतात, ताप येतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही लेकरं सारखीच मलूल दिसतात.

आमच्या भागातल्या बायकांनी या दुखण्याचे प्रकार फार पूर्वी पाडून ठेवले होते. पाण्यासारखं वाहतं ते ढाळ. पोटात मुरडा येऊन शेंबडासारखं पडतं ती आव. त्यात रक्त दिसलं की रक्ती आव. आणि आळीतली घरंच्या घरं एकदम आडवी झाली की ती पटकी. तिचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, मरीआई म्हणायचं, आणि मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. ढाळांवर डाळिंबाची साल, आवेवर मुरडशेंग, असे उपायही वेगवेगळे. म्हणजे सगळे जुलाब एक नव्हेत, हे ज्ञान घरात होतंच.

आयुर्वेदानंही अतिसार आणि प्रवाहिका असे दोन रोग वेगळे मानले. जुन्या ग्रंथांत एक मजेदार परीक्षा सांगितली आहे. रोग्याचा मल पाण्यात टाकून बघायचा. बुडाला तर तो 'आम', म्हणजे कच्चा. तरंगला तर 'पक्व'. आणि आम असेल तर तो औषधानं आत अडवून धरू नये, असा इशाराही दिला आहे. परीक्षेमागची कल्पना आजच्या शास्त्राची नाही. पण शौचातल्या एखाद्या खुणेवरून उपचार ठरवायचा, हा विचार किती जुना आहे ते यावरून कळतं. जुलाब जबरदस्तीनं थांबवणारी औषधं लहान मुलांना देऊ नयेत, असं आज आम्हीही सांगतो.

आता घरचं थोडं सांगतो. १९६३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर जिल्हा व्हायला अजून एकोणीस वर्षं होती. मी आठ वर्षांचा, धाकटी बहीण दोनाची. तिला ढाळ लागले. आज्जी घरातली जाणती बाई. पंढरीच्या वारीसाठी तिनं दंडावर पटकीची सुई टोचून घेतलेली, त्यामुळे रोगराईतलं तिला कळतं असं सगळे मानत. ती म्हणाली, "पटकी न्हाई ही. दात येत्यात म्हणून ढाळ लागलेत. पाणी देऊ नका, दिलेलं सगळं खालून जातंय." लेकरू पाणी मागत होतं. आई ओलं फडकं तिच्या ओठांना लावायची. तिसऱ्या दिवशी पहाटे मागणं थांबलं.

पुढे तेव्हाच्या औरंगाबादला मी वैद्यकीय शिक्षण घेतलं. खोल गेलेले डोळे आणि पोटावरच्या कातडीची चिमटी सोडल्यावर तशीच उभी राहणं, ही शरीरातलं पाणी संपल्याची लक्षणं तिथे शिकवली, तेव्हा मला आमच्या माजघरातली ती दुपार आठवली. ढाळ कशाचे होते ते आजही मला माहीत नाही. बहीण कशानं गेली ते मात्र त्या दिवशी कळलं.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी ठरवलं, की रोग कशाचा ते सरळ जंतूलाच विचारायचं. १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जिवाणू पकडल्याचं जाहीर केलं. पुढे वाल्डेमार हाफकिन यांनी पटकीवर लस तयार केली, १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. परळची हाफकिन संस्था यांच्याच नावाची. १८९७ साली जपानमध्ये आवेची भयंकर साथ आली, नव्वद हजारांवर माणसं आजारी पडली. त्या साथीत कियोशी शिगा यांनी रक्ती आवेचा जिवाणू शोधला. त्याला आज शिगेला म्हणतात.

वाटलं, आता काम सोपं झालं. शौच घ्यायचं, ताटलीत जंतू वाढवायचे, नाव वाचायचं. पण अडचण आधीच पुढे आली होती. १८८५ मध्ये थिओडोर एशेरिश यांनी बाळांच्या शौचातून एक जिवाणू वेगळा काढला, तोच पुढे ई. कोलाय म्हणून प्रसिद्ध झाला. तो आजारी बाळांत होता आणि ठणठणीत बाळांतही होता. म्हणजे जंतू सापडला म्हणून तोच गुन्हेगार, असं म्हणता येत नव्हतं. दुसरी अडचण उलटी होती. जुलाबांनी बेजार झालेल्या कितीतरी मुलांच्या शौचात ओळखीचा एकही जंतू वाढत नसे. पुस्तकं या आजाराला नाव देत, कारण देत नसत. अशा रिकाम्या जागेतच 'दात येताना होतंच' असली उत्तरं टिकून राहतात.

ही जागा भरायला १९७३ साल उजाडलं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मुलांच्या रुग्णालयात रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या लहान आतड्याचे सूक्ष्म तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींमध्ये चाकासारखे गोल कण दिसले. चाकाला लॅटिनमध्ये रोटा म्हणतात, म्हणून नाव पडलं रोटाव्हायरस. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसह देशभरातल्या प्रयोगशाळांनी हा विषाणू शोधायला सुरुवात केली. लस येण्यापूर्वी, जुलाबांमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या पाच वर्षांखालच्या शंभर भारतीय मुलांत सुमारे चाळीस मुलांना रोटाव्हायरस होता असं दिसलं. या चाळीसांना अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नव्हता. आणि त्यांतल्या बहुतेकांना ते दिलं जात होतं. देणाऱ्यांत मीही होतो.

त्याच सुमारास एक दुसरी गोष्ट घडली आणि माझ्या मते ती या सगळ्या शोधांपेक्षा मोठी आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तियुद्धातले निर्वासित सीमेवरच्या बनगावच्या छावण्यांत आले आणि पटकी सुरू झाली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते पिंपांतून लोकांना प्यायला दिलं. नातेवाइकांनीच रोग्याला पाजायचं. तीस टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली चार टक्क्यांच्याही खाली आलं. तत्त्व साधं आहे. जुलाबांतही आतड्याची साखर शोषण्याची शक्ती शिल्लक असते. साखरेबरोबर मीठ आत जातं आणि मिठामागोमाग पाणी. हीच आपली जलसंजीवनी. पुढच्या काळात याच रेडिओवरून तिची कृती तुम्ही ऐकली असेल.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जलसंजीवनीला जंतूचं नाव लागत नाही. जिवाणू असो, विषाणू असो, पाणी आणि मीठ जातं ते भरून काढायचं. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ जुलाब झालेल्या मुलांना दहा ते चौदा दिवस झिंकही द्यायला सांगतात. तेही जंतू न विचारता. मग जिवाणू की विषाणू हा प्रश्न उरतो कशासाठी? तर अँटिबायोटिकसाठी. कुणाला ते वाचवील आणि कुणाला ते फुकट जाईल, एवढ्यासाठीच.

या प्रश्नात मी दोन्ही बाजूंनी चुकलो आहे, म्हणून तेही सांगतो. १९८७ च्या पावसाळ्यात जवळच्या वस्तीवरचा तीन वर्षांचा मुलगा आणला होता. ताप जोराचा, जुलाब पाण्यासारखे, रक्ताचा टिपूस नाही. मी म्हटलं विषाणूचं आहे, जलसंजीवनी दिली आणि घरी पाठवलं. रात्री त्याला झटके आले. सकाळी शौचात रक्त आणि आव. शिगेला कधी कधी असाच येतो. आधी ताप, झटके, पाणी, आणि रक्त मागाहून. लातूरला नेलं, मुलगा वाचला. त्याचा बाप मला एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

त्यानंतर मी घाबरलो. पुढची काही वर्षं ज्याला-त्याला अँटिबायोटिक लिहीत गेलो. एका चुकीच्या धाकानं शेकडो चुका केल्या. त्या चुका दिसत नाहीत, कारण रोटाव्हायरसचं लेकरू पाच-सहा दिवसांत आपोआप बरं होतं आणि श्रेय बाटलीला जातं. किंमत दुसरीकडे मोजली जाते. १९८४ मध्ये पश्चिम बंगालात शिगेलाची मोठी साथ आली तेव्हा नॅलिडिक्सिक ॲसिड हे औषध उपयोगी पडलं. काही वर्षांत जिवाणू त्याला जुमानेनासा झाला. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. २००२ मध्ये सिलिगुडीकडच्या चहाच्या मळ्यांत त्यालाही दाद न देणाऱ्या शिगेलाची साथ उसळली. माझ्यासारख्या हजारो डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांनी जिवाणूला ही तालीम दिली.

मग ओळखायचं कसं? इथे विचाराची दिशा बदलली. जंतूला विचारून नीट उत्तर मिळत नसेल, तर शरीराला विचारू. चोर सापडत नसेल तर दार कसं फुटलंय, सामान कुठे विस्कटलंय ते बघून माग काढतात ना, तसंच. शरीरातल्या या पाऊलखुणांना शास्त्रज्ञ बायोमार्कर म्हणतात. आपण जैवखुणा म्हणू.

पहिली जैवखूण सूक्ष्मदर्शकाखाली मिळाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात आवेनं थैमान घातलं होतं. १९१८ साली विलमोर आणि शिअरमन या डॉक्टरांनी दाखवलं, की जिवाणूच्या आवेत शौचात पांढऱ्या पेशींचा खच पडलेला असतो, अमीबाच्या आवेत तसा नसतो. १९७२ मध्ये अमेरिकेत हीच तपासणी निळा रंग वापरून पुन्हा बारकाईनं केली गेली. शिगेलाच्या रुग्णांत पांढऱ्या पेशी भरपूर होत्या. विषाणूच्या आणि पटकीसारख्या जुलाबांत जवळजवळ नव्हत्या. आपल्याकडे शौचाच्या रिपोर्टमध्ये 'पस सेल्स' असं लिहिलेलं असतं ना, ते हेच.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. रोटाव्हायरस लहान आतड्याच्या आतल्या बारीक लवेच्या टोकांवर हल्ला करतो. त्या पेशी गळून पडतात, पाणी शोषलं जात नाही, जुलाब होतात. पण फार मोठी सूज येत नाही. शिगेला मोठ्या आतड्याच्या अस्तरात घुसतो, पेशी फोडतो, शेजारच्या पेशीत शिरतो. शरीर तिथे पांढऱ्या पेशींची फौज धाडतं. लढाई होते, रक्त आणि आव पडते. म्हणजे एकीकडे गळती, दुसरीकडे आग.

पुढच्या जैवखुणा याच आगीच्या धुरासारख्या आहेत. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक प्रथिन सापडलं. तेच आपलं सीआरपी. शरीरात दाह सुरू झाला की यकृत ते तयार करतं. काही तासांत वाढतं, दोनेक दिवसांत शिखर गाठतं. १९८० मध्ये नॉर्वेच्या फागरहोल यांनी पांढऱ्या पेशींतलं एक प्रथिन वेगळं केलं, त्याला पुढे कॅलप्रोटेक्टिन नाव मिळालं. पेशी फुटली तरी ते शौचात टिकून राहतं, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी शोधत बसायची गरज नाही. १९९२ मध्ये लॅक्टोफेरिन या दुसऱ्या प्रथिनाची शौचातली तपासणी आली. १९९३ मध्ये फ्रान्समध्ये दिसलं, की जिवाणूंच्या गंभीर संसर्गात रक्तातलं प्रोकॅल्सिटोनिन वाढतं. या सगळ्या खुणा जिवाणूच्या बाजूच्या. विषाणूच्या बाजूच्या खुणा नंतर आल्या. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचा गजर वाजवतात आणि त्यामुळे काही वेगळी प्रथिनं वाढतात. २०१५ मध्ये इस्रायलमधल्या एका गटानं अशी दोन प्रथिनं सीआरपीच्या जोडीला घेऊन तिघांचा मिळून कौल घेण्याची पद्धत मांडली.

ही वाट धरण्याची गरज किती होती, ते एका मोठ्या अभ्यासातून दिसलं. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणी, त्यांत आपलं कोलकाताही होतं, जुलाब झालेली ९,४३९ मुलं आणि शेजारपाजारची १३,१२९ निरोगी मुलं तपासली गेली. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. आजारी मुलांपैकी ८३ टक्क्यांच्या शौचात रोगजंतू होते. आणि निरोगी मुलांपैकी? ७२ टक्क्यांच्या! एशेरिशना पडलेलं कोडं सव्वाशे वर्षांनी पुन्हा समोर उभं राहिलं. आपल्यासारख्या भागात लेकराच्या पोटात जंतू असतोच. आज त्रास कोण देतोय, हे शरीरच सांगू शकतं. २०१६ मध्ये याच नमुन्यांची जनुकीय पद्धतीनं फेरतपासणी झाली तेव्हा शिगेलाचा वाटा आधीच्या अंदाजाच्या सुमारे दुप्पट निघाला. त्यांत रक्त न दिसलेली मुलंही पुष्कळ होती. १९८७ चा तो मुलगा एकटा नव्हता.

मग त्या आईच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक लेकराचा सीआरपी करून टाकावा का? थांबा. या खुणांच्या मर्यादाही ऐका.

पहिली मर्यादा. खूण आग सांगते, आग लावणारा सांगत नाही. पटकीचा जिवाणू अस्तरात घुसतच नाही. तो विष सोडतो, आणि त्या विषानं आतड्यातून पाणी सुटतं. हे १९५९ साली कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी सिद्ध केलं. ई. कोलायचे काही प्रकारही असंच करतात. तिथे जिवाणू आहे, पण आग नाही. खूण गप्प बसते. दुसरी मर्यादा मला फार हृद्य वाटते. लॅक्टोफेरिन आईच्या दुधातही भरपूर असतं. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शौचात ते सापडलं, तर ते लढाईचं की आईचं, हे ठरवणं कठीण. लहान बाळांचं कॅलप्रोटेक्टिनही मुळात जास्तच असतं. तिसरी मर्यादा आपल्या भागाची. कुपोषित लेकराचं शरीर लढाईला पुरेसा प्रतिसाद देत नाही; संसर्ग गंभीर असूनही सीआरपी हवा तितका चढत नाही. ज्याला सगळ्यात जास्त धोका, त्याच्याच बाबतीत खूण फसवी. विषाणूच्या आजारातही सीआरपी थोडाफार वाढतो, आणि एकाच लेकरात दोन्ही जंतू असू शकतात.

म्हणून अजून कोणत्याही एका आकड्यावर जुलाबांचा उपचार ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम जुनाच आहे. शौचात रक्त दिसलं, किंवा पटकीचा संशय येऊन पाणी फारच कमी झालं असेल, तर अँटिबायोटिक. एरवी नाही. हा नियम फार कडक आहे का, हेही तपासून झालं. भारतासह सात देशांत आठ हजारांहून अधिक मुलांना, रक्त नसलेल्या जुलाबांत, ॲझिथ्रोमायसिन किंवा तसंच दिसणारं बिनऔषधाचं मिश्रण दिलं गेलं. २०२१ च्या अखेरीस निष्कर्ष आले. सरसकट अँटिबायोटिक दिल्यानं मृत्यू कमी झाले असं दिसलं नाही. प्रश्न राहतो तो रक्त न दाखवणाऱ्या शिगेलाच्या मुलांचा. त्यांना गर्दीतून वेगळं काढण्यासाठी या जैवखुणांवर काम चालू आहे, आणि ते व्हायलाच हवं.

आपल्या भागात या प्रश्नाला पाण्याचीही बाजू आहे. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये मुलं तपासताना माझं निम्मं लक्ष पिण्याच्या पाण्याच्या टाकीकडे असे. क्लोरिन पडलं का, एवढाच प्रश्न. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळाही विसरण्यासारखा नाही. टंचाईत घरातली पहिली काटकसर होते ती हात धुण्यात. आणि शिगेलाला माणूस पाडायला शंभरही जंतू लागत नाहीत. न धुतलेला हात त्याला पुरतो.

रोटाव्हायरस मात्र चांगल्या पाण्यालाही पुरून उरतो. श्रीमंत देशांतल्या मुलांनाही तो सोडत नव्हता. त्याला लसच हवी होती. आपली देशी लस रोटाव्हॅक हिच्या मोठ्या चाचणीत दिल्ली आणि वेल्लोरबरोबर पुण्याकडची बाळंही होती. २०१६ पासून रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्यानं आली आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रातही सुरू झाली. यामुळे आमचं गणितही बदललं आहे. लस घेतलेल्या लेकराला तीव्र जुलाब झाले, तर रोटाव्हायरसची शक्यता पूर्वीपेक्षा कमी धरायची आणि बाकीच्यांचा विचार अधिक करायचा. लसीकरणाचं कार्ड हीसुद्धा एक खूणच झाली.

आता त्या आईकडे येतो. मी तिच्या हातातलं कार्ड पाहिलं. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे तिन्ही डोस झालेले. लेकराचा ताप बेताचा. पोटाची चिमटी सोडली की कातडी लगेच बसत होती. रडताना डोळ्यांत पाणी होतं. दुपटं उलगडून शौच स्वतः पाहिलं. रक्त नाही, आव नाही. मी सीआरपी केला नाही. जलसंजीवनीची पाकिटं दिली, चौदा दिवसांचं झिंक दिलं, अंगावरचं पाजत राहा म्हटलं. आणि चार गोष्टी तिच्याकडून पाठ म्हणून घेतल्या: शौचात रक्त दिसलं, झटका आला, पिणं बंद केलं किंवा लेकरू सुस्त पडलं, तर रात्रीचे दोन वाजले तरी दार ठोठवायचं. १९८७ साली मी त्या बापाला एवढंही सांगितलं नव्हतं.

"आन् अँटिबायोटिक?" तिनं जाता जाता विचारलंच.

"आज नको," मी म्हटलं. "लागलं तर मी कंजुषी करणार नाही."

तिला ते पुरतं पटलं नसावं. पण तिसऱ्या दिवशी बाजारात दिसली. लेकरू काखेत, हातात केळ.

आज्जीवर मी कधी रागावू शकलो नाही. हे ढाळ कशाचे, हा प्रश्न तिलाही पडला होता, आणि तिच्या काळातलं उत्तर तिनं दिलं होतं. फक्त त्या उत्तराच्या भरवशावर तिनं पाणी थांबवलं. उद्या एखादी चांगली जैवखूण येईल, बोटातल्या एका थेंबावर उत्तर मिळेल. तिची वाट मीही बघतो आहे. पण लेकरू उत्तराची वाट बघू शकत नाही. त्याच्यासाठी वाटी आणि चमचा आधी, चिठ्ठी मागून.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)